एवढं सोडून ते फ्रीबीएसडीच कायले? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं की तुम्ही स्वतः घरी कोणती ऑपरेटिंग सिस्टिम वापरता, आणि मी एका ओळीत "फ्रीबीएसडी" लिहून मोकळा झालो. त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली तेवढी प्रिंटर दुरुस्तीच्या पूर्ण लेखावर आली नव्हती, म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच दिली. ज्यांनी नावच ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ही विंडोज किंवा लिनक्ससारखीच पूर्ण सिस्टिम आहे, फुकट आहे, युनिक्स या जुन्या सिस्टिमचं जे रूप अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात घडलं, बीएसडी, त्याच्या घराण्यातली आहे आणि १९९३ पासून या नावाने चालू आहे. आता पत्रं.

प्र. दादा, मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला आहे, हिंगणा रोडला होस्टेलवर राहतो. तुमचं वाचून मी पण फ्रीबीएसडी टाकलं. आता पोरं रोज डोकं खाऊन राहिले, की बे हे कोण वापरते, गेम चालत नाही, फायदा काय. मी सांगतो नेटफ्लिक्स वापरते, तं म्हणतात तू नेटफ्लिक्स आहे का. काय उत्तर देऊ?

उ. पोरं बरोबर बोलून राहिले. तू नेटफ्लिक्स नाहीस. नेटफ्लिक्सचा व्हिडिओ ज्या सर्व्हरवरून निघतो ते ओपन कनेक्टचे डबे फ्रीबीएसडीवर चालतात हे खरं, प्लेस्टेशन ४ ची सिस्टिम त्यातूनच निघाली हेही खरं, आणि व्हॉट्सअॅपने २०१२ मधे फ्रीबीएसडीच्या एकेका सर्व्हरवर वीस लाखांच्या वर कनेक्शन झेलून दाखवले होते हे पण खरं. पण त्यांच्याकडे ती सिस्टिम सांभाळायला पगारी इंजिनिअर आहेत आणि तुझ्याकडे तू एकटा आहेस, त्यामुळे ही मोठी नावं घेऊन भांडायला गेलास की हरणारच. आमच्यातले अर्धे लोक हेच करतात आणि मग चिडतात.

तुझ्या टेबलावर जे दिसतं तेच दाखव. मशीन चालू होताना काय काय सुरू व्हावं ते एका साध्या टेक्स्ट फाइलमधे असतं, आरसी-डॉट-कॉन्फ, तुझ्याकडे असतील पंधरा-वीस ओळी, त्यातली प्रत्येक ओळ तुला समजावून सांगता येते का बघ, आणि नसेल येत तर "मॅन आरसी डॉट कॉन्फ" टाक (मॅन म्हणजे मॅन्युअल), जे लिहिलंय ते तुझ्या मशीनवर जे आहे त्याच्याशी जुळतं. हे जुळणं वाटतं तेवढं साधं नाही. लिनक्समधे कर्नल (सिस्टिमचा गाभा) एका ठिकाणाहून येतो, रोजच्या कमांड दुसऱ्या प्रकल्पातून, सर्व्हिस चालू करणारी यंत्रणा तिसऱ्याची, आणि डिस्ट्रोवाले, म्हणजे लिनक्सचे तयार प्रकार काढणारे, ते सगळं बांधून देतात, त्यामुळे इंटरनेटवरचं अर्ध उत्तर भलत्याच डिस्ट्रोचं निघतं. इथे कर्नल आणि मूळ कमांड कोडच्या एकाच झाडात, एकाच टीमकडे आहेत, आणि वर हँडबुक म्हणून एक जाडजूड मार्गदर्शक फुकट मिळतं जे खरंच वाचण्यासारखं आहे.

आणि तमाशाच दाखवायचा असेल तर हा दाखव. इन्स्टॉल करताना झेडएफएसवाला (ही फाइल साठवायची एक पद्धत) पर्याय घेतला असशील तर "बीई-सीटीएल क्रिएट" करून चालू सिस्टिमची एक प्रत ठेव, काही सेकंदांचं काम आहे, मग पोरांसमोर बूटमधल्या कर्नलच्या फोल्डरचं नाव बदलून रीस्टार्ट मार. मशीन उठणार नाही, सगळे हसतील. पुन्हा चालू कर, बूटच्या मेनूत जुनी प्रत निवड, जसंच्या तसं उठेल. अपडेट फसल्यावर जे विंडोजवाले रात्रभर जागून राहिले असतात त्यांना हे दाखव, उत्तर द्यायची गरज पडणार नाही. (आधी एकट्याने करून बघ. पोरांसमोर पहिल्यांदा करू नको.)

गेमचं म्हणशील तर गेम खेळायचे असतील तर दुसऱ्या डिस्कवर विंडोज ठेव आणि खेळ, त्यात कमीपणा नाही.

प्र. नमस्कार. इतवारीत माझं किराणा ठोकचं दुकान आहे, तीन कॉम्प्युटर, टॅली आणि बिलिंग. विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणतात आणि आमचे पीसी विंडोज ११ घेत नाहीत. भाचा पुण्याला शिकतो, तो म्हणतो मामा सगळ्यात फ्रीबीएसडी टाकून देतो, एक रुपया लागणार नाही. टाकू का?

उ. नका टाकू.

थोडं सविस्तर सांगतो कारण भाच्याने पण वाचावं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे बरोबर, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणून तुमची चांगली चालती मशीनं कंपनीच्या लेखी बाद झालीत. याचा राग येणं साहजिक आहे, मला पण येतो. पण टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. जुगाड करून दुसरीकडे चालवणारे लोक आहेत, चालतं पण, पण तुमचा सीए, टॅलीवाला पार्टनर, प्रिंटर लावून देणारा पोरगा, हे सगळे विंडोज गृहीत धरून काम करतात. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचं सॉफ्टवेअर फ्रीबीएसडीवर कोणी तपासून बघितलेलं नसतं.

आता भाचेसाहेब, तुमच्यासाठी. आमच्यात मी एकच नियम मानतो, जो बसवेल तो निस्तरेल. ३१ मार्चला रात्री दहा वाजता मामाचं बिल छापून आलं नाही, दुकानासमोर गाडी लागलेली आहे, हमाल थांबलेत, आणि तुझा फोन पुण्यात सायलेंटवर आहे, तेव्हा झेडएफएस किती भारी आहे हे मामा ऐकून घेणार नाही. स्वतःच्या मशीनवर काय पाहिजे ते टाक. दुसऱ्याच्या धंद्यावर आपली आवड चालवायची असेल तर आधी ठरव की वर्षभर रोज फोन उचलशील.

मामा, एक मधला रस्ता आहे. तिघांपैकी ज्या कॉम्प्युटरवर टॅली नाही, फक्त मेल, व्हॉट्सअॅप वेब आणि भाव बघणं एवढंच होतं, त्याच्यावर लिनक्स मिंट (लिनक्सचा एक सोपा प्रकार) टाकायला सांगा भाच्याला. फ्रीबीएसडी नाही, मिंट. मुनीमजींना दोन दिवसांत हात बसेल. बाकी दोनसाठी पैसे बाजूला काढून ठेवा.

प्र. माझ्या मुलाने लॅपटॉपवर शिंगवाल्या लाल राक्षसाचं स्टिकर लावलंय, हातात त्रिशूळासारखं काहीतरी आहे. खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारं-अवजारं पूजेला मांडतो, लॅपटॉप पण मांडतो, यावेळी सासूबाई म्हणाल्या हे ध्यान देवासमोर नको. मुलगा म्हणतो तेच तर त्याचं चिन्ह आहे. (महाल)

उ. काकू, मुलगा खोटं नाही बोलत. त्याला बीस्टी म्हणतात, बीएसडीचा शुभंकर आहे, आणि त्याचं जे चित्र सगळीकडे दिसतं ते जॉन लॅसेटरने काढलेलं आहे, तेच जे पुढे पिक्सारच्या कार्टून सिनेमांमुळे जगभर माहीत झाले. सासूबाईंना म्हणावं जरा जवळून बघा, त्याच्या पायात कॅनव्हासचे बूट आहेत, गालातल्या गालात हसून राहिला. बूट घालून देवासमोर, हा आक्षेप मात्र मला खोडता येणार नाही.

तोडगा असा की २००५ पासून फ्रीबीएसडीचं अधिकृत चिन्ह वेगळं आहे, नुसता लाल चकचकीत गोळा आणि त्याला दोन शिंगं. चेहरा नाही, शस्त्र नाही. ते लावा. किंवा पूजेला झाकण उघडं ठेवा, कीबोर्डवर कुंकू वाहा (थोडंच, खाली जात नाही असं बघा), स्टिकर मागच्या बाजूला भिंतीकडे राहील.

प्र. तुम्ही बीएसडीवाले स्वतःला फार शहाणे समजता. लिनक्स प्रत्येक अँड्रॉइड फोनमधे आहे, जगातले टॉप ५०० सुपरकॉम्प्युटर सगळे लिनक्सवर आहेत. तुमचं काय आहे? आणि तुमचं लायसन्स म्हणजे मोठ्या कंपन्यांना फुकटचं जेवण. (धरमपेठ)

उ. पहिलं वाक्य मान्य. आमच्यात तसे लोक आहेत, लिनक्सचं नाव काढलं की नाक मुरडतात, आणि मला ते आवडत नाही, कारण आत्ता मी हे टाइप करतोय त्या स्क्रीनवर चित्र दिसतंय ते लिनक्समधून आणलेल्या ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे. तुम्ही तरी कुठे वेगळे, रोज दूरच्या सर्व्हरवर शिरायला जे एसएसएच लावता ते ओपनबीएसडीवाल्यांनी १९९९ मधे काढलेलं ओपनएसएसएच आहे. चुलत घराणी आहेत, एका अंगणातली भांडणं.

आम्ही मागे का राहिलो याची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे आणि मराठीत कोणी फारशी सांगत नाही. १९९२ मधे बर्कलीचं युनिक्स साध्या ३८६ पीसीवर आणलं गेलं होतं, ३८६बीएसडी नावाने, म्हणजे गाडी स्टेशनात उभी होती. त्याच वर्षी एटीअँडटीच्या युनिक्स कंपनीने हाच कोड विकणाऱ्या बीएसडीआय कंपनीवर दावा ठोकला की यात आमचा कोड आहे, आणि त्यात विद्यापीठ पण ओढलं गेलं. दोनेक वर्षं कोणालाच समजेना की हे वापरलं तर उद्या नोटीस येईल का. १९९४ मधे तडजोड झाली तेव्हा निघालं काय, सुमारे अठरा हजार फाइलींपैकी तीन काढायच्या आणि सत्तरेक फाइलींवर त्यांच्या कॉपीराइटची नोंद टाकायची! तीन फाइली! पण तोवर फिनलंडच्या एका विद्यार्थ्याने १९९१ मधे सुरू केलेला लिनक्स कर्नल पुढे निघून गेला होता, त्याच्यावर कोर्टाची सावली नव्हती. खुद्द त्या विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, १९९३ च्या एका मुलाखतीत म्हटलंय की आपण सुरुवात केली तेव्हा ३८६बीएसडी मिळत असतं तर लिनक्स बहुतेक झालंच नसतं. म्हणजे कोण तांत्रिकदृष्ट्या भारी होतं यावर हे ठरलं नाही, कोर्टाच्या तारखांवर बरंचसं ठरलं, आणि आपल्याकडे ज्याची जमिनीची केस चालू आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

लायसन्सबद्दल तुमचा मुद्दा अर्धा खरा आहे. सोनीने घेतलं, अॅपलने पण बरंच घेतलं, आणि परत देण्याची सक्ती नाही. नेटफ्लिक्स परत देतं, बरंच देतं, पण ते त्यांच्या सोयीने, कारण आपले बदल वेगळे सांभाळत बसणं महाग पडतं. लिहिणाऱ्यांना हे आधीपासून माहीत आहे आणि चालतं. तुम्हाला चालत नसेल तर तुमच्यासाठी लिनक्सचं लायसन्स आहेच की. सुपरकॉम्प्युटरचं तुमचं बरोबर आहे, २०१७ च्या नोव्हेंबरपासून पाचशेच्या पाचशे लिनक्सवर, पण माझ्या घरी सुपरकॉम्प्युटर नाही.

प्र. घरच्या सगळ्या लग्नांचे, बाळांचे फोटो दहा-बारा वर्षांचे आहेत, एका जुन्या पीसीत. आमच्या भागात (मानेवाडा) उन्हाळ्यात लाइट सारखी जाते-येते, एकदा विंडोज उठलंच नव्हतं. मुलगी म्हणते त्या पीसीत फ्रीबीएसडी टाकून फोटो ठेवा. खरंच सुरक्षित राहतात का?

उ. मुलीला माझा नमस्कार सांगा. मी जर एकाच कारणासाठी ही सिस्टिम वापरत असेन तर ते हेच आहे.

झेडएफएस नावाची जी फाइल साठवायची पद्धत आहे ती मूळ सन कंपनीची, २००८ पासून फ्रीबीएसडीत आहे. ती जुन्या डेट्यावर नवीन लिहीत नाही, नवीन जागी लिहिते आणि पूर्ण झालं की मगच खूण तिकडे फिरवते, त्यामुळे मधेच लाइट गेली तर शेवटचे काही सेकंद गेले असतील पण आधीचं सगळं धड असतं. दुसरं म्हणजे ती प्रत्येक तुकड्याबरोबर एक चेकसम, म्हणजे त्या तुकड्यावरून काढलेला पडताळणीचा आकडा, ठेवते. डिस्क जुनी झाली की कधी कधी गुपचूप एखादा तुकडा चुकीचा वाचून देते, फोटो उघडतो पण खालचा अर्धा भाग करडा किंवा हिरवा, बघितलं असेल तुम्ही. साध्या पद्धतीत हे कळतच नाही, आणि तुम्ही तोच खराब फोटो बॅकअपमधे कॉपी करता. इथे वाचतानाच जुळवून बघितलं जातं, आणि दोन डिस्क जोडीने लावल्या असतील तर दुसरीवरून नीट तुकडा घेऊन पहिली दुरुस्त होते, तुम्हाला न विचारता. मी महिन्यातून एकदा "झेडपूल स्क्रब" (सगळा डेटा तपासणारी कमांड) लावून झोपतो आणि सकाळी "झेडपूल स्टेटस" बघतो. गेल्या मे महिन्यात एका डिस्कपुढे चेकसमच्या रकान्यात शून्याऐवजी आकडा दिसला, खाली लिहिलेलं की एवढं दुरुस्त केलं, डेट्यात काही चूक नाही. पुढच्या महिन्यात तो आकडा वाढला तशी डिस्क बदलली. फोटो सगळे जागेवर.

पण काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. डिस्क दोन हव्या, एकीवर हे कळेल की फोटो बिघडला, दुरुस्त होणार नाही. यूपीएस तरी पण लावा, झेडएफएस आहे म्हणून पॉवर सप्लाय जळत नाही असं नाही. आठ जीबी रॅम असेल तर उत्तम. पीसी पश्चिमेच्या भिंतीला चिकटून ठेवला असेल तर हलवा, आपल्याकडे मेमधे बाहेर पंचेचाळीसच्या वर जातं, ती भिंत रात्रीपर्यंत तापलेली असते, आणि कूलरच्या तोंडाशी पण नको, ओल आणि धूळ दोन्ही आत जाते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या सगळ्याला बॅकअप म्हणत नाहीत. पीसी चोरीला गेला तर दोन्ही डिस्क बरोबरच जातील. एक प्रत बाहेर पाहिजे, बहिणीकडे, माहेरी, कुठेही.

मुलगी बाहेरगावी जाणार असेल तर एका कागदावर लिहून घ्या तिच्याकडून, डिस्क कोणती, पासवर्ड काय, बंद कसा करायचा. वर इतवारीच्या भाच्याला सांगितलेला नियम इथे पण लागू.

प्र. वायफाय चालत नाही. बाकी सगळं चालते. काय करू? (प्रतापनगर)

उ. हा प्रश्न चार जणांनी पाठवलाय, आणि यात बचाव करण्यासारखं काही नाही, वायफाय ही आमची खरी दुखरी बाजू आहे. बऱ्याच वर्षांपर्यंत कार्ड चाललं तरी जुन्या स्पीडने चालायचं. २०२५ च्या जूनमधे फ्रीबीएसडीचं जे १४.३ व्हर्जन आलं त्यात इंटेलच्या बऱ्याच कार्डांना नव्या स्पीड मिळाल्या, तेव्हा आधी व्हर्जन बघा आणि जुनं असेल तर अपडेट करा. रियलटेक, मीडियाटेकचं कार्ड असेल तर नशिबावर आहे.

अपडेट करायलाच नेट नाही असं होतं बहुतेकांचं. अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा, फोनमधे यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा "यूई शून्य" नावाने नेटवर्क उगवतं, त्याच्यावर "डीएचक्लायंट" मारलं की झालं. फोन वायफायवर असेल तर डेटा पण जात नाही. काही जण वर्षानुवर्षं असंच चालवून राहिलेत आणि खुश आहेत.

प्र. मी कोर्टाजवळ टायपिंगचं काम करतो. मराठी चालते का त्याच्यावर? आमच्या जुन्या फाइली उघडल्या तर नुसतं एबीसीडी दिसते.

उ. मराठी मस्त चालतं. नोटो आणि लोहित हे फॉन्ट पॅकेजमधून टाका, लिब्रेऑफिस टाका, कीबोर्डला इनस्क्रिप्टचा मराठी पर्याय आधीपासूनच आहे, फोनेटिक पाहिजे असेल तर एफसिटिक्स नाहीतर आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर लावा.

जुन्या फाइलींचं दुखणं मात्र सिस्टिमचं नाही. त्या युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीच्या आधीच्या फॉन्टमधल्या आहेत, तिथे आत खरंच इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे आकार दाखवतो, म्हणून तो फॉन्ट नसलेल्या कुठल्याही मशीनवर, विंडोजवर पण, तसंच दिसणार. कन्व्हर्टर मिळतात, जोडाक्षरं आणि रफार तपासावे लागतात. पण साहेबांना, वकिलांना फाइल त्याच जुन्या फॉन्टमधे पाहिजे असेल तर सांगतो, पोटावर पाय आणून सिस्टिम बदलू नका. कामाचं मशीन आहे तसं ठेवा.

प्र. फ्रीबीएसडी शिकून नागपुरात नोकरी लागेल का?

उ. फ्रीबीएसडी असं लिहिलेली जाहिरात मिहानमधे शोधत बसू नका. लिनक्स लिहिलेल्या मिळतील, आणि ज्याने हे नीट शिकलंय त्याला लिनक्स आठवड्याभरात येतं.

प्र. तुम्ही फ्रीबीएसडीला कमी लोकप्रिय म्हणता याची मला मौज वाटली. मी निवृत्त आहे, लक्ष्मीनगरला राहतो, आणि हायकू वापरतो. आमच्या तुलनेत तुम्ही म्हणजे गर्दी!

उ. काका, साष्टांग दंडवत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बीओएस नावाची एक अप्रतिम सिस्टिम नव्वदच्या दशकात होती, कंपनी बुडाली, २००१ मधे पामने तिची मालमत्ता विकत घेतली, आणि त्याच वर्षी तिच्या चाहत्यांनी ती पहिल्यापासून नव्याने लिहायला घेतली. तीच हायकू. सप्टेंबर २०२४ मधे पाचवा बीटा आला, पहिलं पक्कं व्हर्जन तेव्हाही यायचंच होतं. बटण दाबल्यावर जेवढ्या लवकर ती उभी राहते तेवढ्या वेळात माझं मशीन अजून ओळी छापत असतं. तुम्ही तिच्यावर रोजची कामं कशी करता, बँकेची साइट उघडते का, प्रिंटर कोणता, हे सविस्तर लिहून पाठवा, पुढच्या अंकात पूर्ण छापू.

प्र. सेकंडहँड लॅपटॉप घ्यायचाय, फ्रीबीएसडीसाठीच. कोणता घेऊ आणि बर्डीवर घेताना काय बघू? (नंदनवन)

उ. थिंकपॅड टी४८० सारखं काहीतरी बघा, २०१८ चं मॉडेल, आमच्यात खूप जण तेच वापरतात त्यामुळे अडलं तर उत्तर मिळतं. कीबोर्ड चांगला, रॅम वाढवता येते, डिस्क बदलता येते. दुकानात जाताना पेनड्राइव्हवर फ्रीबीएसडीचा इन्स्टॉलर घेऊन जा, त्यात इन्स्टॉल न करता नुसतं लाइव्ह चालवायचा पर्याय असतो, आत जाऊन "पीसीआयकॉन्फ" बघा, वायफाय कार्ड इंटेलचं आहे का, आणि पुढे ड्रायव्हरचं नाव आलंय की नुसतं "नन" आलंय. बॅटरी किती उरली ते दुकानदाराच्या विंडोजमधेच आधी बघून घ्या, बिजागऱ्या हलवून बघा, चार्जरची पिन ढिली तर नाही ना ते बघा.

दुकानदाराला मात्र पेनड्राइव्ह लावायच्या आधी सांगा, काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी पळायला लागल्या की त्याला वाटतं तुम्ही काहीतरी उडवून राहिले. आणि प्रोसेसर आठव्या पिढीचा बघून घेतलात तर फ्रीबीएसडी नाहीच जमलं तरी विंडोज ११ पण चढतं त्याच्यावर, पैसे वाया जात नाहीत.